माळ्यावर ठेवलेले मोर

आमच्या घरातला कॉम्प्युटर बंद होत नाही. तो वाढतो.

ही तक्रार नाही, नुसती माहिती आहे. कुणी पाहुणा येतो, सहज विचारतो, "दत्ताभाऊ, कॉम्प्युटर बंद आहे का?" की आतून आईचा आवाज येतो, "बंद न्हाई वो पावणं, वाढवलाय." पाहुणा कॉम्प्युटरकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि चहा नको म्हणतो. (चहा पितो शेवटी. मंचरात चहाला नको म्हणून कुणी सुटलेलं मला माहीत नाही.)

ह्या सगळ्याला मी जबाबदार आहे, असं घरातल्यांचं मत आहे. घरात आम्ही तिघं. मी मतदान केलेलं नाही, तरी ठराव बहुमतानं पास झालेला आहे.

ही म्हणजे सुमन, माझी बायको. पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते आणि त्यांवर मशीननं भरतकाम करते. आई तिला हूक, काजं आणि सल्ले लावून देते. मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर काम करतो. ('बसतो' असा शब्द आई वापरते.) आणि मी लिनक्सवाला आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी एक व्यवस्था आहे. ती फुकट मिळते आणि तिची किंमत पुढं जन्मभर बायको चुकवते.

भरतकामाचं सॉफ्टवेअर जगात लागतं किती जणांना? त्यातून लिनक्सवर लागतं किती जणांना? माझ्या अंदाजानं मंचरात एकीला. त्यामुळं ज्यांनी ही व्यवस्था बनवली त्यांनी ऑफिस, इंटरनेट, खेळ अशा मोठ्या मंडळींना मेनूत ऐसपैस खोल्या दिल्या आणि हिच्या कामाचे प्रोग्रॅम जागा मिळेल तिथं झोपवले. नक्षी काढायचा प्रोग्रॅम 'ग्राफिक्स'मध्ये. मापावरून ब्लाउजचं पेपर कटिंग काढून देणारा 'विज्ञाना'त, ग्रहताऱ्यांच्या शेजारी. आणि नक्षीचे टाके पाडून मशीनला समजावणारा, म्हणजे ज्याच्या जिवावर घरात मटकी शिजते तो, 'इतर'मध्ये.

"अहो, टाक्याचं कुठंय?" ही विचारायची.

"इतरमध्ये."

"आणि इतर कुठंय?"

"सगळ्यात खाली."

असं रोज चालायचं. एका दुपारी तिनं माउस खाली ठेवला, माझ्याकडं वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सगळ्या जगाच्या कामाला नाव आहे. माझंच काम तेवढं इतर का हो?"

आता ह्यावर नवऱ्यानं काय बोलावं? तो मेनू काही मी केलेला नव्हता. पण लिनक्स घरात मी आणलं होतं, म्हणजे त्याच्या सगळ्या नातेवाइकांची वागणूक माझ्या अंगावर येणार हे उघड होतं. मी म्हटलं, "रविवारी लावून देतो. 'इतर' हा प्रकारच ठेवत नाही घरात."

लिनक्समध्ये हे करता येतं, हाच तर त्याचा मोठेपणा. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर एक छोटी चिठ्ठी येते. आपलं नाव काय, चित्र कुठलं, मेनूतल्या कुठल्या घरात राहायचं, एवढंच त्यात असतं. ती बदलली की प्रोग्रॅम बिऱ्हाड बदलतो. रविवारी मी चहाचा कप घेऊन बसलो. शेजारी ही बसली. आई मधल्या दारात शेंगा निवडत होती. तिला सुरुवातीलाच विचारून घ्यायचं होतं.

"मेनू म्हंजी काय रं?"

"म्हणजे, कुठली वस्तू कुठं ठेवायची ते."

"मंग मांडणी म्हण की." आईनं सूप बाजूला ठेवलं आणि पाट ओढून आमच्यामागं येऊन बसली. मांडणीतलं तिला कळतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर कुठलं भांडं कुठं असावं ह्याबद्दल तिचे जे नियम आहेत, ते ही लग्नानंतर बरीच वर्षं शिकत होती. मी अजून शिकतोय.

हिनं कामाच्या क्रमानं घरं सांगितली. आधी मापं, मग नक्षी, मग टाके, मग मशीन. आईनं सांगितलं, सगळ्यात वर श्री पाहिजे. मी समजावलं, "अगं, त्याला दाबल्यावर काहीतरी उघडावं लागतं. श्री दाबल्यावर काय उघडायचं?"

"श्री दाबायचा नस्तो," आई म्हणाली. "नुसता असावा लागतो."

मी 'श्री' घातला. कॉम्प्युटरनं लगेच सगळं बाराखडीच्या क्रमानं लावलं. टाके पहिले, मापं मशीनच्याही मागं, आणि श्री तळाला. ज्याला मी हाकलणार होतो तो 'इतर' मात्र इ-कारानं सुरू होत असल्यामुळं उडी मारून सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला.

"देव खाली आन् इतर वर," आई म्हणाली. "ग्रामपंचायत हाय का काय ही?"

तो क्रम मोडायला मला संध्याकाळ झाली. पण जमलं. श्री वर, कामाची घरं ओळीनं, 'इतर' हद्दपार. हिनं एकेक घर उघडून पाहिलं. "छान झालंय," म्हणाली. हिच्या तोंडून माझ्या कॉम्प्युटरकामाबद्दल 'छान' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि मी तिथंच थांबायला पाहिजे होतं.

दिवेलागणीला मी सवयीनं मेनूतलं 'बंद करा' दाबायला गेलो. आईनं हात धरला.

"काय लिव्हलंय त्येच्यावर?"

"बंद करा."

"धंद्याच्या वस्तूवर? तिन्हीसांजंला?"

मी म्हटलं, "अगं, मशीनच ते. बंदच होतं."

"दुकान बंद न्हाई करत, वाढवत्यात. बांगडी फुटत न्हाई, वाढती. नारळसुदिक वाढवत्यात. तुझा बा पिठाच्या गिरणीवर व्हता, पर कदी गिरणी बंद केली म्हणला का? आमी असलं रोज वाचायचं व्हय?"

मी हिच्याकडं पाहिलं. ही म्हणाली, "द्या की हो बदलून. काय बिघडतंय?" (हे वाक्य मी लिहून ठेवायला हवं होतं.) मी 'बंद करा'चं 'वाढवा' केलं. पण ते दाबल्यावर कॉम्प्युटर विचारायचा, 'नक्की बंद करायचं?' आई म्हणाली, एकदा नको म्हटलं तर हा दोनदा म्हणतो. मग मी ते विचारणंच काढून टाकलं. आता 'वाढवा' दाबलं की मुकाट्यानं अंधार.

हात सैल झाला होता आणि कौतुकाची चटक लागली होती. 'बाहेर पडा' होतं, त्याचं मी 'येतो' केलं, कारण घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. (हिचा भाऊ लोणीहून आला असताना त्यानं हा 'येतो' आत शिरायचं बटण समजून दाबला. प्रसंग सासुरवाडीचा असल्यामुळं इथं सांगत नाही.) राहता राहिला 'कचरा'. नको असलेल्या फायली टाकायचा डबा. आई म्हणाली, "लक्ष्मीच्या पुढ्यात कचऱ्याचा डबा कुठं अस्तो का?" खरं होतं. आणि आमच्या घरात कचरा नावाची गोष्ट नाहीच. जे लागत नाही ते माळ्यावर जातं. मी मोठ्या हौसेनं त्याचं नाव ठेवलं, 'माळा'.

त्या रात्री मी फार समाधानानं झोपलो.

पुढं लगीनसराई आली. बाजारपेठेत कापडाचं जुनं दुकान असलेल्या कांचनभाभी हिच्याकडं आल्या. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या मंचरात काढलेली. भाभी मराठीत भांडतात आणि मारवाडीत फक्त देवाशी बोलतात. त्यांच्या नेहलचं लग्न ठरलं होतं. भाभींनी पिशवीतून एक जुनी ओढणी काढली. नेहलच्या आजीची. आजी आता नव्हती. ओढणीच्या पदरावर हातानं भरलेले दोन मोर होते, जरा विटलेले, एकमेकांकडं पाठ करून बसलेले.

"सुमन, हेच मोर नेहलच्या ब्लाउजच्या पाठीवर पाहिजेत," भाभी म्हणाल्या. "पुण्याला दोन ठिकाणी दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्याकडचे तयार मोर घ्या. मला तयार मोर नकोत. माझ्या सासूचे पाहिजेत."

ही म्हणाली, "करते, भाभी. शब्द दिला."

हिला नवरीचं काम नवं नव्हतं. पण आत्तापर्यंत नवऱ्या मंचरातून उठून पुण्याला जायच्या आणि उरलेल्या मावश्या-आत्या हिच्याकडं यायच्या. पुण्यात नाही म्हटलेलं काम मंचरात आलं, हे पहिल्यांदाच घडत होतं. ती रोज दुपारी ओढणी समोर ठेवून बसायची आणि मोर टाका-टाका करून कॉम्प्युटरवर उतरवायची. पिसातला एक डोळा मनासारखा होईना तर भाजी जळायची. आम्ही जळकी भाजी गप खायचो. आई तर म्हणाली, "खमंग झालीया."

एक मोर पुरा होऊन दुसऱ्याची मान सुरू झाली, तेव्हा भाभी नेहलला घेऊन बघायला आल्या. मीही घरी होतो. हिनं कौतुकानं आधी मेनू उघडून दाखवला. "ह्यांनी लावून दिलंय सगळं," म्हणाली. मी नम्रपणे छताकडं पाहिलं.

"मोर जरा मोठा करून दाखव ना," भाभी म्हणाल्या.

नेहल पुण्यात शिकलेली, तिनं माउस पुढं ओढला. "थांबा काकू, मी करते. हे काय, 'वाढवा' आहे की इथं." आणि दाबलं.

अंधार.

"वाढलं," आई मधल्या दारातून समाधानानं म्हणाली.

"अय्या, मी काय केलं?" नेहल म्हणाली.

मी घाईघाईनं खुलासा केला. दुकान, बांगडी, नारळ, तिन्हीसांज. माझा खुलासा लांबत गेला तसा नेहलचा चेहरा लांबत गेला. पण कांचनभाभी एकदम खूष. "बरोबर बोलताय आई तुम्ही. आमचे शेठपण दुकान बंद केलं असं कधी म्हणायचे नाहीत. वाढवलं म्हणायचे. चांगलं वळण आहे हो घरात." त्या आईच्या पाया पडल्या. आईनं माझ्याकडं बघून मान हलवली. सगळं किती छान चाललं होतं. फक्त ही काळ्या पडद्याकडं बघत होती, कारण त्या मोराची मान तिनं जतन केली नव्हती.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "अहो, ते 'वाढवा' काढा."

"अगं, एवढा पाया पडण्याचा मान मिळाला आईला, आणि..."

"काढा."

"रविवारी काढतो," मी म्हटलं. त्या रविवारी चुलत्याकडं जागरण-गोंधळ होता. नंतरच्या रविवारचं मला आठवत नाही.

मान तिनं पुन्हा काढली. बाकीचा मोरही पुरा केला. ओढणीवरचा दुसरा मोर मान वळवून बसलेला होता, ती वळलेली मान अवघड होती, पण जमली. एक शनिवार उजाडला आणि दोन्ही मोर तयार झाले. आता फक्त मोरपंखी रंगाचा एक विशिष्ट दोरा पाहिजे होता. तो जुन्नरला सलीमचाचांच्या दुकानातच मिळतो. बाकीच्यांकडं मोरपंखी म्हणून जे देतात त्याला ही पोपटी म्हणते. निघताना तिनं आईला सांगितलं, "आई, मोर झालेत बरं का. तिथं समोरच आहेत. कुणाला हात लावू देऊ नका. जपा."

आता आईला कॉम्प्युटर येत नाही असं नाही. ती दुपारी त्यावर पत्ते खेळते, एकटीच. त्यामुळं वस्तू उचलायची कशी, ओढत न्यायची कशी आणि दुसरीवर सोडायची कशी हे तिला माझ्यापेक्षा सफाईनं जमतं. तिनं बघितलं, मोर पडद्यावर मधोमध उघड्यावर पडलेत. कुणीही येतं, कुणीही हात लावतं. आमच्या घरात जपायच्या वस्तू कुठं ठेवतात? पितळी पातेली, लग्नातला तांब्या, माझ्या पाळण्याच्या दोऱ्या? आईनं मोर उचलले, ओढत नेले आणि अलगद माळ्यावर ठेवले.

दुपारी मी कामावरून आलो. हिच्यासाठी काहीतरी करावं असं मनात होतं. (ही भावना झाली की मी चालायला जावं, असं आता ठरलंय.) कॉम्प्युटर जरा जड चालत होता. बघतो तर माळा तुडुंब भरलेला, जुन्या नक्ष्या, फसलेल्या बाह्या. पडद्यावर माझंच मराठी आलं, 'माळा रिकामा करायचा?' आपण लिहिलेलं वाक्य आपल्यालाच कोणी विचारलं की कसं बरं वाटतं. मी 'होय' म्हटलं.

"काय करतुयास रं?" आईनं आतून विचारलं.

"माळा साफ करतोय."

"कर बाबा. लई जळमाटं झाल्याती. पातेलं तेवढं जपून उतरव."

संध्याकाळच्या एसटीनं ही आली. बस नारायणगावात अडकली होती, कांद्याच्या गाड्यांमागं, पण दोरा मिळाला होता आणि ती खुशीत होती. तिनं रीळ खिडकीशी उजेडात धरून आम्हाला दाखवला. मग कॉम्प्युटरपुढं बसली.

"आई, मोर कुठंयत?"

"जपून ठेवल्यात. माळ्यावर."

हिनं आधी वर बघितलं, खऱ्या माळ्याकडं. मग पडद्यावरच्या माळ्याकडं. तो स्वच्छ होता. मग तिनं सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"मी दुपारी जरा..." मी म्हटलं. पुढचा शब्द सापडेना. 'रिकामा' म्हणायची हिंमत नव्हती आणि 'वाढवला' म्हणायची ती वेळ नव्हती.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. दोऱ्याचं रीळ तिनं टेबलावर ठेवलं आणि हात मांडीत घेऊन बसून राहिली. लग्न तोंडावर आलं होतं. तेवढ्यात दुसरे दोन मोर होणं शक्य नव्हतं, हे मलाही कळत होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी कामाला लागलो. काळी खिडकी उघडली आणि गेलेल्या फायली परत आणायच्या आज्ञा टाइप करू लागलो. कॉम्प्युटर कुरकुरला, विचारात पडला आणि त्यानं एक फाईल परत आणून दिली. ती आमच्या गेल्या वर्षीच्या विजेच्या बिलाची पावती होती.

आई पाटावर बसून होती. आपलं काय चुकलं हे तिला नीट कळलं नव्हतं, पण सुनेचा चेहरा कळत होता. तिनं डोळ्याला पदर लावला. मग थोड्या वेळानं म्हणाली, "सुमन, त्या पोरीनं वाढवलं व्हतं, तवाचं काय असंल की त्येच्यात."

"आई, ते गेलं तेव्हाच," मी म्हटलं. "ते तेव्हाच बंद..."

"बंद न्हाई, वाढवलं व्हतं," आई म्हणाली. "वाढवलेलं संपत न्हाई. म्हणून तर तसं म्हणत्यात."

मी शास्त्रीय उत्तर द्यायला तोंड उघडलं. ही म्हणाली, "जरा उठता का तिथून?"

मी उठलो. तिनं 'नक्षी'च्या घरातून आपला प्रोग्रॅम उघडला. तो रोज उघडताना एक प्रश्न विचारायचा, आणि ती रोज न वाचता 'नंतर' म्हणायची, कारण तिला कामाची घाई असायची. मागच्या वेळी काम अचानक तुटलं, त्याची एक प्रत बाजूला ठेवली आहे, हवी आहे का? आज तिनं 'हवी' म्हटलं.

मोर आला. एकच. पुरा, पिसातल्या सगळ्या डोळ्यांसकट. शेजारी दुसऱ्याची नुसती अर्धी मान.

आई म्हणाली, "बग." ह्या एका शब्दावर मी आजतागायत तिच्याशी वाद घातलेला नाही. प्रोग्रॅम अचानक तुटला की प्रत ठेवतो, ह्यात 'बंद' म्हणा नाहीतर 'वाढवा' म्हणा, काही फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. मी ते तिला सांगितलेलं नाही.

पण मोर एकच होता. दुसरा, मान वळवलेला, पुन्हा काढायला वेळ नव्हता. हिनं थोडा वेळ पडद्याकडं बघितलं आणि आहे त्याच मोराची प्रत करून आरशातल्यासारखी उलटी फिरवली. दोन मोर झाले. फक्त ते आता पाठमोरे नव्हते. पाठीला पाठ लावली की दोन्ही पिसारे एकमेकांवर चढत होते, म्हणून ते चोचीला चोच लावून समोरासमोर उभे होते.

"ओढणीवर असं नाहीये," ती म्हणाली.

"कळणार नाही कुणाला," मी म्हटलं.

"भाभींना कळेल. सासूचे मोर आहेत त्यांच्या." तिनं ते रीळ उचलून पुन्हा हातात घेतलं. "मी शब्द दिला होता."

दुसऱ्या दिवशी मशीनवर मोर उतरले. मी जेवढा शांत बसलो तेवढा पतसंस्थेतही बसत नाही. मोरपंखी खरंच मोरपंखी होता. ब्लाउज न्यायला भाभी आणि नेहल आल्या. हिनं ब्लाउजची घडी उलगडली. भाभींनी ओढणी शेजारी पसरली. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"सुमन," त्या म्हणाल्या, "आमचे मोर पाठमोरे होते."

मी खुलासा करायला पुढं सरसावलो. सुरुवात लिनक्सपासूनच करावी लागली असती. पण आईनं मला कोपरानं मागं सारलं.

"ओढणी जुनी हाय, भाभी. मोर नवं हायती. लग्नाच्या दिवशी त्वांडं फिरवून कोण बसतं?"

भाभी हसल्या नाहीत. तेवढ्यात नेहल पुढं झाली आणि तिनं मोरांवरून बोट फिरवलं.

"मम्मी, आजी आणि दादाजीपण त्या ओढणीवरच्यासारखेच बसायचे ना ग झोपाळ्यावर? पाठ करून? आजी म्हणायची, ह्यांच्याशी कोण बोलणार." ती थांबली. "बघ ना. बोलायला लागले शेवटी."

भाभींनी ओढणी डोळ्यांना लावली. मग हिला जवळ घेतलं. ही रडली. आई तर कधीचीच रडत होती. मला इतकं हलकं वाटलं की मीही रडणार होतो, पण भाभी म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या मुलीचं वैशाखात आहे. तिला पाठवते हां," आणि मग रडायची गरज उरली नाही.

त्या रविवारी मी स्वतःहून सकाळी लवकर बसलो. म्हटलं, सगळं पूर्वीसारखं करतो. 'बंद करा', 'कचरा', होतं तसं. ही म्हणाली, "नको. राहू दे. मी केलंय काय करायचं ते." चिठ्ठ्या कशा बदलायच्या हे तिनं त्या पहिल्या रविवारी शेजारी बसून पाहून ठेवलं होतं. मला वाटलं होतं ती माझ्याकडं कौतुकानं बघतेय.

मी मेनू उघडला. वर श्री. मग मापं, नक्षी, टाके, मशीन. 'वाढवा' तसंच होतं, आईच्या शब्दाखातर. फक्त आता ते दाबल्यावर 'खरंच?' असं विचारत होतं. 'माळा' खराच माळा झाला होता, त्यात ठेवलेलं कुणालाच टाकता येत नव्हतं. आणि सगळ्यात खाली, मी स्वतः हद्दपार केलेलं एक घर परत आलं होतं. 'इतर'.

उघडलं. आत एकच नाव होतं. हिनं लग्नापासून कधी माझं नाव घेतलेलं नाही, त्यामुळं तिनं लिहिलं होतं, 'हे'.

मी ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"अगं," मी म्हटलं, "हे चालत नाही."

मशीनवरची मान वर न करता ती म्हणाली, "माहितीये मला."